संगणकाचं बोट आणि मोटरचं हिरवं बटण

आईचा फोन आला तेव्हा मी पुण्यात होतो आणि मोटर सांगलीत. "अरे, टाकी वाहतेय." मी मोबाइल उघडून बघितलं. मोटरच्या चौकोनात स्वच्छ 'बंद' लिहिलेलं होतं. म्हटलं, "आई, इथे तर बंद दिसतेय." त्यावर ती म्हणाली, "मग त्या मोबाइललाच सांग गच्चीवर येऊन बघायला."

तिचं बरोबर होतं. मोटर धडधडत होती. मी मोठ्या हौसेने बसवलेल्या रिलेच्या (म्हणजे संगणकाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या खटक्याच्या) आतले दोन काँटॅक्ट वितळून एकमेकांना चिकटले होते. संगणकाने 'बंद हो' म्हटलं होतं, आणि आपण म्हटलं म्हणजे झालंच असं धरून स्क्रीनवर तसं लिहूनही टाकलं होतं. आईने खाली जाऊन एमसीबी पाडला, तेव्हा कुठे पाणी थांबलं.

घर संगणकाला जोडायचं म्हटलं की डोळ्यांसमोर मोबाइलवरची रंगीत बटणं येतात. तो भाग आता फारसा अवघड राहिलेला नाही. होम असिस्टंट नावाची प्रणाली २०१३ पासून आहे, फुकट मिळते, आणि एटीएम कार्डाएवढ्या 'रास्पबेरी पाय' (पुढे नुसतं 'पाय') या संगणकावरही आरामात चालते. 'रोज पहाटे साडेपाचला मोटर लाव' हा नियम तिच्यात दहा मिनिटांत लिहून होतो. मेख आहे ती संगणकातून बाहेर पडलेली तार मोटरपर्यंत पोचते त्या जागेत. तंत्राच्या भाषेत तिला हार्डवेअर इंटरफेस म्हणतात. मी इथे 'सांधा' म्हणेन, कारण घरातल्या नळासारखंच इथेही गळतं ते सांध्यातच.

उदाहरण एकच धरून चालू. खाली हौद, वर टाकी, मध्ये एक अश्वशक्तीची मोटर. महाराष्ट्रातल्या निम्म्या वाचकांना याचं चित्र काढून दाखवायची गरज नाही.

कुजबुज आणि दवंडी

रास्पबेरी पायवर ४० पिना असतात. त्यांतल्या बऱ्याच पिना प्रोग्रॅमच्या ताब्यात देता येतात. प्रोग्रॅमने 'हो' म्हटलं की पिनेवर ३.३ व्होल्ट येतात, 'नाही' म्हटलं की शून्य. एवढीच तिची भाषा. तीही कुजबुजीत, कारण एका पिनेतून १६ मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह ओढू नये असा दंडक आहे. गुणाकार केलात तर जेमतेम ०.०५ वॅट भरतात.

आता मोटरकडे बघा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, पण ते दांड्यावर मिळणारं बळ झालं. ते देण्यासाठी छोटी सिंगल फेज मोटर भिंतीतून हजार-बाराशे वॅट ओढते, २३० व्होल्टवर सहा-सात अँपिअर. म्हणजे पिनेची कुवत आणि मोटरची भूक यांत वीस हजार पटींची दरी आहे. कुणाच्या तरी कानात कुजबुजलेली गोष्ट गावभर दवंडी पिटून पोचवायची आहे, आणि दवंडीवाल्याचा आवाज उलटा येऊन कुजबुजणाऱ्याचा कान फुटता कामा नये. चांगल्या सांध्याला ही दोन्ही कामं जमावी लागतात.

ती एका उडीत होत नाहीत, पायऱ्यांनी होतात. पहिली पायरी ट्रान्झिस्टरची. बीसी ५४७ हा दोन-तीन रुपयांचा तीन पायांचा किडा घ्या. पिनेतून एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्याला साधारण २.६ मिलिअँपिअर दिले की तो रिलेच्या कॉइलचे, म्हणजे तारेच्या गुंडाळीचे, ७० मिलिअँपिअर मोकळे सोडतो. दुसरी पायरी म्हणजे तो निळा, साखरेच्या चौकोनी वडीसारखा ५ व्होल्टचा रिले. कॉइलमधून प्रवाह गेला की तिचा लोहचुंबक होतो, तो आतली पत्ती ओढतो, पत्ती दुसऱ्या काँटॅक्टला जाऊन टेकते आणि 'टक्' असा आवाज येतो. कॉइल आणि काँटॅक्ट यांच्यामध्ये तारेचा धागाही नसतो. मधलं काम चुंबक करतो. त्यामुळे पलीकडचे २३० व्होल्ट अलीकडे येऊ शकत नाहीत.

इथे एक छोटा डायोड, म्हणजे एकाच दिशेने वीज जाऊ देणारा तुकडा, लागतो, आणि नवशिके नेमका तोच विसरतात. कॉइलमधला प्रवाह एकदम तोडला की ती आपल्यात साठलेली ऊर्जा सुखासुखी सोडत नाही, उलट्या दिशेने व्होल्टेजचा मोठा झटका देते. पळत्या गाडीने एकदम ब्रेक मारला की आतले लोक पुढे फेकले जातात, तसंच. त्या झटक्याने ट्रान्झिस्टर जातो. कॉइलला समांतर उलटा लावलेला डायोड त्या प्रवाहाला गोल फिरून विरायला वाट करून देतो. बाजारातल्या तयार रिले मोड्यूलवर तो असतोच.

त्याच मोड्यूलवर ऑप्टोकपलरही असतो. काळ्या प्लॅस्टिकच्या डबीत एका बाजूला बारीक एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश पडला की वाहू लागणारा ट्रान्झिस्टर. निरोप उजेडाच्या रूपात पलीकडे जातो, वीज जात नाही. पण बहुतेक लोक रिलेच्या कॉइलला आणि पायला एकाच पुरवठ्यावरून ५ व्होल्ट देतात. तसं केलं की ऑप्टोकपलरचं वेगळेपण संपलं, दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखं. दोन पुरवठे वेगळे ठेवणार असाल तरच त्या डबीचे पैसे वसूल होतात.

माझी चूक मात्र पुढच्या पायरीवर झाली. त्या निळ्या रिलेवर '१० अँपिअर २५० व्होल्ट' छापलेलं असतं. मोटर सहा-सात अँपिअर घेते. दहापेक्षा कमीच की! म्हणून मी मोटर थेट रिलेवर टाकली. छापलेला आकडा गिझरसारख्या, नुसत्या तापणाऱ्या लोडसाठी आहे, हे मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. कळत होतं, पण वळलं नव्हतं. मोटर सुरू होताना पहिला क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, म्हणजे तीस-चाळीस अँपिअर. बंद होताना तिची गुंडाळी कॉइलसारखाच झटका देते आणि काँटॅक्टमध्ये ठिणगी उडते. अशा काही शे ठिणग्या खाऊन ते दोन चिमुकले तुकडे एक दिवस वेल्डिंग होऊन बसले.

म्हणून तिसरी पायरी हवी, काँटॅक्टरची. तोही रिलेच, पण पैलवान. मोटर चालू-बंद करण्यासाठीच बनवलेल्या काँटॅक्टरवर 'एसी-३' असा दर्जा लिहिलेला असतो. दुकानात तो विचारून घ्या. निळ्या रिलेने काँटॅक्टरची २३० व्होल्टची कॉइल चालवायची, आणि काँटॅक्टरने मोटर. छोट्या काँटॅक्टरची कॉइल एकदा ओढून धरली की अँपिअरचा किरकोळ अंशच घेते, त्यामुळे निळ्या रिलेवर आता ओझं उरत नाही.

स्टार्टरमधलं जुनं शहाणपण

काँटॅक्टर लावला म्हणजे सुटलो असं मला वाटलं होतं. आमचा वायरमन आला, त्याने माझी जोडणी न्याहाळली आणि विचारलं, "लाइट जाऊन आली तर काय होईल?" मी म्हटलं, "प्रोग्रॅम बघेल." तो नुसता हसला.

लाइट परत येते त्या क्षणी संगणक शुद्धीवर नसतो. पायला उठून तयार व्हायला मिनिटभर लागतं. तोवर पिना प्रोग्रॅमच्या ताब्यात नसतात, त्या अधांतरी किंवा कारखान्यात ठरलेल्या अवस्थेत असतात. ईएसपी८२६६ सारख्या स्वस्त वायफाय चिपच्या काही पिना तर उठताना क्षणभर आपोआप 'हो' म्हणून जातात. त्यात बाजारातली बरीच रिले मोड्यूल उलट्या बोलीची असतात. त्यांना शून्य व्होल्ट दिले की रिले चालू आणि व्होल्ट दिले की बंद. या सगळ्याची भेळ होऊन, लाइट आल्याबरोबर कोणी न सांगता मोटर सुरू झाली तर नवल नाही. ट्रान्झिस्टरच्या बेसवर (पिनेला जोडलेल्या पायावर) दहा किलोओहमचा रेझिस्टर शून्य व्होल्टच्या तारेकडे, म्हणजे ग्राउंडकडे, बांधून ठेवणं हा त्यावरचा किमान उपाय आहे. पिनेने स्पष्ट 'हो' म्हटल्याशिवाय मग ट्रान्झिस्टर उघडत नाही.

वायरमनचा उपाय याहून फार चांगला होता, आणि तो शेतावरच्या प्रत्येक खोलीत भिंतीला टांगलेला असतो: हिरव्या-लाल बटणांचा स्टार्टर. हिरवं बटण दाबलं की काँटॅक्टरच्या कॉइलला वीज मिळते आणि तो ओढला जातो. मुख्य काँटॅक्टसोबत एक छोटा जोडकाँटॅक्टही मिटतो, आणि तो हिरव्या बटणाला समांतर असतो. बोट काढलं तरी कॉइलला वीज मिळत राहते, ती त्या जोडकाँटॅक्टमधून. काँटॅक्टर स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. लाल बटण या साखळीत एकसर असतं. ते दाबलं की साखळी तुटते आणि काँटॅक्टर सुटतो. आता लाइट गेली तर? कॉइलची वीज गेली, काँटॅक्टर सुटला, जोडकाँटॅक्टही उघडला. लाइट परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. यात ना प्रोग्रॅम आहे ना चिप. फक्त एक काँटॅक्ट योग्य जागी बसलाय.

मग संगणकाने काय करायचं? बोट व्हायचं. एक निळा रिले हिरव्या बटणाला समांतर लावायचा. संगणकाने तो एक सेकंद मिटवून सोडायचा, जणू कुणी बटण दाबलं. दुसरा रिले लाल बटणाबरोबर एकसर लावायचा, पण त्याचा नेहमी मिटलेला काँटॅक्ट वापरायचा. संगणकाने तो एक सेकंद उघडायचा, जणू लाल बटण दाबलं. बाकी सगळा स्टार्टर जसाच्या तसा.

याचा पहिला फायदा आईला झाला. तिची बटणं तिला परत मिळाली. संगणक मेलेला असो, वायफाय गेलेलं असो, तिला काही शिकावं लागत नाही. 'ऑटो-मॅन्युअल'चा खटका नको, पासवर्ड नको. घर 'स्मार्ट' केल्यावर म्हाताऱ्या माणसांना साधा दिवा लावायला मोबाइल शोधावा लागतो, अशी घरं मी पाहिली आहेत. मला तो अडाणीपणा वाटतो.

वर काय चाललंय ते कळायला हवं

तोंडाचं झालं, आता कान. गोष्ट सुरू झाली ती या कानाच्या अभावातूनच, आणि ही चूक माझ्या एकट्याची नाही. संगणकाने घर चालवण्याची पहिली गाजलेली पद्धत एक्स-१० नावाची. स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथ्स गावच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने ती १९७५ मध्ये तयार केली. घरातल्या विजेच्या तारांवरूनच ती निरोप पाठवायची. विजेची लाट शून्यातून जाते त्या शांत क्षणी १२० किलोहर्ट्झचा एक छोटा पुंजका सोडायचा. सोळा घरखुणा गुणिले सोळा उपकरणं, म्हणजे २५६ पत्ते. कल्पना मोठी देखणी, पण मूळची उपकरणं एकतर्फी होती. दिव्याला 'लाग' म्हणता यायचं, 'लागलास का?' असं विचारता येत नसे. निरोप तारेतल्या गोंगाटात हरवला तर हरवला.

आमच्या टाकीत दोन फ्लोट आहेत, वरचा टाकी भरल्याचा आणि खालचा टाकी उपसत आल्याचा. फ्लोट म्हणजे केबलला लोंबणारा पोकळ डबा. पाण्याबरोबर तो वर-खाली कलंडतो आणि आतला खटका मिटतो किंवा उघडतो. संगणकाला लागते तेवढीच 'हो-नाही' ची बातमी तो देतो. जोडणी अगदी सोपी दिसते. पिनेला दहा किलोओहममधून ३.३ व्होल्ट बांधायचे, खटका मिटला की ते शून्यावर येतात. टेबलावर हे झकास चालतं.

गच्चीवरून तळमजल्यापर्यंत पंधरा-वीस मीटर तार ओढलीत की मात्र चित्र पालटतं. लांब तार म्हणजे अँटेनाच. शेजारच्या पाइपातून मोटरची तार जात असेल, तर मोटर सुरू होताना या तारेतही व्होल्टेज उमटतं. दहा किलोओहममधून वाहणारा प्रवाह म्हणजे एक तृतीयांश मिलिअँपिअर. त्या फुलपाखराला हलवायला किती वारा लागतो? मला महिनाभर दर मोटर-सुरुवातीला 'टाकी भरली' असा खोटा निरोप येत होता.

कारखान्यांनी हे दुखणं केव्हाच निस्तरलंय. तिथे फ्लोटसारख्या वस्तूंना २४ व्होल्ट डीसी देतात. ५ व्होल्टच्या खाली असेल तर 'नाही', १५ च्या वर असेल तर 'हो', मधला पट्टा कुणाच्याच मालकीचा नाही. एवढं रुंद अंतर किरकोळ गोंगाटाला ओलांडता येत नाही. वर खटक्यातून काही मिलिअँपिअर वाहतात, त्यामुळे काँटॅक्टवर चढणारा कीटही साफ होत राहतो. तळमजल्यावर हे २४ व्होल्ट एका ऑप्टोकपलरच्या एलईडीला द्यायचे, आणि पलीकडे पिनेला तिचे ३.३. इथे मात्र ती काळी डबी खरोखर कामाला येते. आणि हो, पुष्कळ घरांत फ्लोटमधून थेट २३० व्होल्ट नेलेले असतात. पाण्यात बुडालेल्या, उन्हाने तडकलेल्या केबलमधून! आमच्याकडेही तसंच होतं. ते पहिलं काढून टाकलं.

आता या अख्ख्या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा मुद्दा. फ्लोटच्या केबलमध्ये तीन तारा असतात, त्यामुळे 'भरल्यावर मिटणारा' आणि 'भरल्यावर उघडणारा' अशा दोन्ही तऱ्हांनी तो जोडता येतो. कोणता निवडाल? सहज सुचतं ते 'भरल्यावर मिटणारा', म्हणजे भरली की सिग्नल. पण उंदराने तार कुरतडली तर? सिग्नल कधीच येणार नाही, संगणक समजेल टाकी रिकामी आहे, आणि मोटर चालतच राहील. 'भरल्यावर उघडणारा' घेतला तर टाकी रिकामी असताना तारेतून सतत प्रवाह वाहत राहतो, जणू फ्लोट अखंड म्हणतोय, "चालू दे, चालू दे." टाकी भरली की तो गप्प होतो. तार तुटली, सांधा गंजला, २४ व्होल्टचा पुरवठा जळाला, तरीही तो गप्पच होतो. या सगळ्या बिघाडांचा अर्थ एकच निघतो: थांब. जास्तीत जास्त काय, टाकी रिकामी राहील आणि कुणीतरी ओरडेल. पाणी वाहणार नाही.

एवढ्यावर न थांबता आम्ही वरच्या फ्लोटचा एक पदर संगणकाला टाळून नेला. त्याच २४ व्होल्टवर एक छोटा रिले ओढलेला राहतो, आणि त्याचा काँटॅक्ट लाल बटणाच्या साखळीत एकसर बसलाय. फ्लोट गप्प झाला की रिले सुटतो, साखळी तुटते, मोटर बंद. संगणकाला ही बातमी फक्त कळवली जाते. टाकी भरल्यावर थांबणं हे काम त्याच्याकडे ठेवलेलंच नाही. वेळापत्रक, हिशोब, फोनवर निरोप पाठवणं, ही त्याची कामं.

थोडं प्रोग्रॅमकडचं. कुठलाही खटका एका झटक्यात मिटत नाही, काही मिलिसेकंद थरथरतो. संगणकाला तेवढ्यात दहा वेळा 'हो-नाही' ऐकू येतं. म्हणून बटणासाठी ५० मिलिसेकंद स्थिर राहिलं तरच खरं मानायचं. टाकीत पाण्याच्या लाटाही असतात, तिथे मी चक्क पाच सेकंद थांबतो.

टाकीत नेमकं किती पाणी आहे ते हवं असेल तर आवाजाने अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर मिळतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. पाणी एक मीटर खाली असेल तर प्रतिध्वनी ५.८ मिलिसेकंदांनी परत येतो. त्याच्या स्वस्त अवतारात एक खोच आहे. तो उत्तर ५ व्होल्टमध्ये देतो, आणि पायच्या पिनेला ३.३ पेक्षा जास्त सोसत नाही. एक आणि दोन किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून ५ चे ३.३ करून द्यायचे. शिवाय तापमान वाढलं की आवाज जोरात धावतो. २० अंशांवरून ४५ वर गेलात तर मोजमापात चारेक टक्के फरक पडतो, आणि सांगलीच्या उन्हाळ्यात सिंटेक्सच्या टाकीत ४५ म्हणजे काही फार नाही. म्हणून मी याला शोभेचा आकडा मानतो. थांबवण्याचं काम फ्लोटकडेच.

एसटीतले दोन प्रवासी

मोटर खरंच चालू आहे का, हे कळायचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तिचा प्रवाह मोजणं. प्रवाह वाहत असेल तर मोटर चालू, मग संगणक काहीही म्हणो. त्यासाठी आम्ही बोर्डात एक छोटा ऊर्जामापक बसवला. तो संगणकाशी आरएस-४८५ वर बोलतो.

हे नाव ऐकून घाबरू नका. चिपा आपापसांत ज्या आय-स्क्वेअर-सी नावाच्या दोन तारांवर बोलतात, ती पद्धत फिलिप्सने १९८२ मध्ये एकाच यंत्राच्या पेटीतल्या गप्पांसाठी काढली. ती वितीभर अंतरासाठी आहे. लोक ती गच्चीपर्यंत ताणतात आणि मग कपाळाला हात लावतात. आरएस-४८५ मात्र १२०० मीटरपर्यंत जाते. त्यातही दोनच तारा, एकमेकींना पीळ घातलेल्या. फरक असा की ऐकणारा कुठल्याही एका तारेचं व्होल्टेज बघत नाही, दोघींमधलं अंतर बघतो. खड्ड्यांच्या रस्त्याने जाणाऱ्या एसटीत शेजारी बसलेले दोन प्रवासी आठवा. दोघेही उसळतात, पण बरोबरीने. कोण कोणापेक्षा किती उंच, हे बदलत नाही. मोटरचा गोंगाट पिळलेल्या दोन्ही तारांवर सारखाच आदळतो, आणि वजाबाकीत उडून जातो.

खोचा इथेही आहेत. तारांना 'ए' आणि 'बी' म्हणतात, पण कोणती कोणती याबद्दल उत्पादकांचं एकमत नाही. उलट्या लागल्या तर सहसा काही जळत नाही, फक्त उत्तर येत नाही. अर्धा दिवस घालवण्यापूर्वी एकदा अदलाबदल करून बघा. लांब मार्ग असेल तर दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा, नाहीतर टोकाला आदळून निरोपाचा प्रतिध्वनी परत येतो. दोन उपकरणांना जोडणारी तिसरी, सामायिक शून्य व्होल्टची (ग्राउंडची) तार पुष्कळ जण विसरतात.

तार झाली, आता भाषा. ती मॉडबस, १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने कारखान्यांतल्या नियंत्रकांसाठी काढलेली, आणि अजून ठणठणीत. वर्गातल्या हजेरीसारखी ती चालते. एकजणच विचारतो, "पाच नंबर, तुझ्या अमुक खान्यात काय आहे?" पाच नंबरवाला तेवढंच उत्तर देतो. विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, म्हणून गोंधळ नाही. खान्यांची यादी उपकरणाच्या माहितीपुस्तकात असते. कुणी खाने एकपासून मोजतो, कुणी शून्यापासून, म्हणून आकडा एका घराने चुकतो. दशांश चिन्हाचा आकडा दोन खान्यांत तोडून ठेवलेला असतो, त्यांचा क्रम उलटा लावलात तर २३० व्होल्टच्या जागी शून्याला चिकटलेलं काहीतरी अगम्य दिसतं. तसं दिसलं तर मीटर परत करायला धावू नका, खाने पालटा.

या मापकाने वरकड एक बक्षीस दिलं. हौद आटला आणि पंपाने हवा ओढली, की मोटरवरचं ओझं हलकं होतं आणि प्रवाह ठळकपणे खाली येतो. तुमच्या पंपाचा भरल्या हौदाचा आकडा आणि कोरडा आकडा एकदा मोजून ठेवा. दोहोंच्या मधे रेघ मारा. प्रवाह रेघेखाली वीस सेकंद राहिला की संगणकाने लाल बटण दाबायचं. कोरडी चालून सील जाण्यापासून पंप वाचतो.

बिनतारीबद्दल फार लिहीत नाही. दिवे-पंखे, दाराचे सेन्सर यांना झिगबी (छोट्या उपकरणांसाठीची बिनतारी पद्धत) किंवा वायफाय ठीक आहे, भिंत फोडावी लागत नाही. मोटरसारख्या गोष्टीला मी तार घालतो. वायफायच्या चिपा संगणकाशी बहुधा एमक्यूटीटी पद्धतीने बोलतात. आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीचे आर्लेन निपर यांनी ती १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी तयार केली. मध्ये एक सूचनाफलक असतो, ज्याने त्याने त्यावर निरोप लावायचे आणि आपल्याला हवे ते वाचायचे. तिच्यात मृत्युपत्राची सोय आहे. चिप जोडली जातानाच सांगून ठेवते, "मी अचानक गप्प झाले तर हा निरोप लावा." ही सोय जरूर वापरा. दुसरी सोय म्हणजे शेवटचा निरोप फलकावर तसाच राखून ठेवणं. ती स्थितीसाठी वापरा, हुकमासाठी कधीही नाही. राखून ठेवलेला 'मोटर लाव' हा कालचा हुकूम, आज लाइट आल्यावर जागी झालेली चिप ताजा समजून पाळते.

आणि २३० व्होल्टची बाजू परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. कमी व्होल्टच्या तारा वेगळ्या पाइपातून न्या, पेटीत दोन्हींमध्ये आडोसा ठेवा, मोटरला नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका) असू द्या. आमच्या पेटीतला प्रत्येक टर्मिनल त्याने मार्करने मराठीत लिहून ठेवलाय. मी पुण्यात असताना फोनवरून कुणालाही 'फ्लोट-वर' सापडतो.

आता स्क्रीनवर मोटरचे दोन चौकोन आहेत. एकावर लिहिलंय 'सांगितलं', दुसऱ्यावर 'झालं'. पहिला संगणकाच्या हुकमावरून भरतो, दुसरा फक्त मापकाच्या प्रवाहावरून. पाच सेकंदांहून जास्त वेळ दोन्ही जुळले नाहीत की माझ्या फोनवर घंटा वाजते. गेल्या महिन्यात सकाळी ती वाजली. सांगितलं: चालू. झालं: बंद. काँटॅक्टर, कॉइल, रिले, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. घाबरत घाबरत घरी फोन लावला.

"एमसीबी मीच पाडलाय," आई म्हणाली. "टाकी धुतेय. ठेव फोन."